‘मला काम करायचं आहे’: चेक दिग्दर्शिका व्येरा खितिलोवा यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फिल्म सोसायटीत खितिलोवा यांचा ‘डेझीज’ दाखवला की दिवे लागल्यावर कुणी लगेच उठत नाही. थोडा वेळ शांतता असते आणि मग प्रश्न सुरू होतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकत्र लिहून ठेवावीत असं वाटलं. काही प्रश्न दोन ओळींत संपतात, काहींना तेवढं पुरत नाही.

नावाचा उच्चार नेमका कसा करायचा?

व्येरा खितिलोवा. इंग्रजी स्पेलिंग बघून आपल्याकडे ‘चितिलोवा’ म्हटलं जातं, पण चेकमध्ये ते अक्षर घशातल्या ख सारखं उच्चारतात, उर्दूतल्या ‘ख़बर’मध्ये येतो तसं. शेवटचा ‘वा’ लांबवायचा. वडिलांकडचं आडनाव खितिल. बाईच्या आडनावाला ‘ओवा’ लागतं.

त्या चित्रपटात आल्या कशा?

वळसे घेत. जन्म २ फेब्रुवारी १९२९ चा, कोळसा आणि पोलाद यांवर जगणाऱ्या ओस्त्रावा शहरातला. ब्रनोला तत्त्वज्ञान आणि वास्तुशास्त्र शिकायला गेल्या, शिक्षण अर्धवट सोडलं. मग ड्राफ्ट्समनचं काम केलं, कपड्यांसाठी मॉडेलिंग केलं आणि शेवटी प्रागच्या बारांदोव स्टुडिओत क्लॅप देणारी मुलगी म्हणून लागल्या. तिथून चित्रपट शिकायला जायचं ठरवलं, तेव्हा स्टुडिओने शिफारस द्यायला नकार दिला. शिफारशीशिवाय अर्ज केला आणि १९५७ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, ‘फामू’ या प्रागच्या चित्रपटशाळेत दिग्दर्शनाला प्रवेश मिळवला. यिर्शी मेंझेल आणि एवाल्ड शोर्म हे वर्गमित्र, ओताकार वाव्रा हे गुरू.

‘सीलिंग’ हा त्यांचा पदविकेचा चित्रपट एका मॉडेलवर आहे, म्हणजे स्वतः जगलेल्या आयुष्यावरच. १९६३ च्या ‘समथिंग डिफरंट’मध्ये एव्हा बोसाकोव्हा ही खरीखुरी ऑलिंपिक विजेती जिम्नॅस्ट स्वतःचीच भूमिका करते आणि तिच्या जोडीने एका काल्पनिक गृहिणीची गोष्ट चालते. दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. एकीचं शरीर सरावाने पिळून निघतं, दुसरीचं आयुष्य घरकामाने. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या एवढंच, निष्कर्ष काढून दिला नाही. ही सवय पुढे आयुष्यभर राहिली आणि तिचाच राज्यकर्त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला.

तिथे चित्रपट सरकारच बनवायचं का?

हो. १९४५ मध्येच चेकोस्लोव्हाकियातल्या चित्रपटधंद्याचं राष्ट्रीयीकरण झालं. स्टुडिओ, लॅब, थिएटर, कच्ची फिल्म, पगार, सगळं सरकारचं. याला दोन बाजू होत्या आणि दोन्ही लक्षात ठेवायला हव्यात. पैसे वसूल झाले नाहीत तर घर विकायची पाळी यायची नाही, म्हणून तरुण दिग्दर्शकांना धाडसी प्रयोग करता आले. पण सरकारने ‘नाही’ म्हटलं तर जायला दुसरं दारच नव्हतं. साठच्या दशकात बारांदोवमधल्या निर्मितीगटांना बरीच मोकळीक मिळाली आणि फोरमान, मेंझेल, न्येमेत्स, खितिलोवा यांची ‘नवी लाट’ त्या मोकळिकीतून उभी राहिली. कम्युनिस्ट सरकारच्या पैशातून कम्युनिस्ट सरकारला अस्वस्थ करणारे चित्रपट निघाले, ते असे.

‘डेझीज’मध्ये असं आहे तरी काय?

मारी नावाच्या दोन मुली. एक सोनेरी केसांची, एक काळ्या केसांची. दोघी लाकडी फळ्यांना टेकून बसल्यात, हात हलवला की बिजागरी करकरल्यासारखा आवाज येतो, कळसूत्री बाहुल्यांसारख्या. आणि त्या ठरवतात: सगळं जगच नासत चाललंय, तर आपणही नासू. मूळ चेक वाक्यातही असंच क्रियापद आहे, वस्तू आणि माणसं दोघांनाही लागू पडणारं. मराठीत ‘नासणं’ म्हटलं की दूध, फळ आणि पोर तिन्ही आठवतात, त्यामुळे आपल्याला ते वाक्य लगेच भिडतं.

मग त्या नासतात. म्हाताऱ्या पुरुषांच्या पैशाने हॉटेलात भरपेट जेवतात आणि त्यांना गाडीत बसवून देतात. खोलीत बसून कात्रीने सॉसेज कापतात, काकडी कापतात, केळं कापतात, शेवटी एकमेकींनाच कापतात आणि पडद्यावर त्यांचे तुकडे हवेत तरंगत राहतात. छायाचित्रण यारोस्लाव्ह कुचेरा यांचं. ते खितिलोवांचे पती होते. पटकथेत आणि वेशभूषेत एस्तेर क्रुम्बाखोवा. दोन्ही मुली, यित्का त्सेरहोवा आणि इव्हाना कारबानोवा, व्यावसायिक अभिनेत्री नव्हत्या.

शेवटी त्या एका मेजवानीच्या दालनात शिरतात. कोण जेवायला येणार होतं ते कळत नाही, पण टेबलं भरलेली आहेत. त्या आधी बोट लावून चाखतात, मग बकाबका खातात, मग केक एकमेकींवर फेकतात, मग टेबलावर चढून उंच टाचांनी सगळं तुडवतात. पुढचा प्रसंग बरेच जण विसरतात आणि माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथेच आहे. त्या परत येतात, अंगावर वर्तमानपत्रं सुतळीने बांधलेली. कुजबुजत, घाईघाईने आवराआवर करतात. फुटलेल्या बशांचे तुकडे एकमेकांशेजारी मांडतात, चिखल झालेलं अन्न ओंजळीने उचलून ताटात ठेवतात. आपण शहाण्यासारखं वागलो, कष्ट केले, की सगळं छान होईल, असं पुटपुटत राहतात. पण बशी काही सांधली जात नाही.

चित्रपट सुरू होतो आणि संपतो तो बॉम्बहल्ल्यांच्या दृश्यांवर. अगदी शेवटी पडद्यावर, गोळीबाराच्या आवाजात, एक अर्पणपत्रिका टाइप होते. हा चित्रपट त्यांना अर्पण आहे, ज्यांचा संताप फक्त तुडवल्या गेलेल्या सॅलडच्या पानांवरून उसळतो.

त्यावर अन्नाच्या नासाडीवरून गदारोळ झाला होता, हे खरं का?

खरं आहे, आणि तोही थेट संसदेत. मे १९६७ मध्ये यारोस्लाव्ह प्रुझिनेत्स या खासदारांनी २१ सदस्यांच्या वतीने प्रश्न उपस्थित केला. निशाणा होता ‘डेझीज’ आणि यान न्येमेत्स यांचा ‘द पार्टी अँड द गेस्ट्स’. आपल्या प्रजासत्ताकाशी, समाजवादाशी, साम्यवादाच्या ध्येयांशी या चित्रपटांचं काही देणंघेणं नाही, आणि शेतकरी उत्पादनासाठी झगडत असताना पडद्यावर असं अन्न तुडवलं जातंय, असा त्यांचा रोख होता.

इथे एक प्रामाणिक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे ‘डेझीज’ दाखवला की त्या मेजवानीच्या प्रसंगाला प्रेक्षक चुळबुळ करतात. ताटात शीत टाकायचं नाही, अन्नाला पाय लागला तर कानाला हात लावायचा, अन्न हे पूर्णब्रह्म, असं ऐकत वाढलेल्या माणसाला ते दृश्य टोचणारच. टोचावं म्हणूनच ते आहे. फक्त खासदार त्या टोचणीवर थांबले आणि शेवटची अर्पणपत्रिका त्यांनी मनावर घेतली नाही. सॅलड तुडवलं तर आरडाओरडा आणि शहरं बेचिराख झाली तर शांतता, हेच ती बाई विचारत होती. प्रश्न संसदेपर्यंत पोहोचला, पण उत्तर देणाऱ्यांनी पुन्हा सॅलडचीच बाजू घेतली.

म्हणजे ‘डेझीज’मुळेच त्यांच्यावर बंदी आली?

असं सरसकट लिहिलं जातं, पण ते तितकंसं बरोबर नाही. चित्रपट अडखळत का होईना प्रदर्शित झाला, परदेशी महोत्सवांत गेला, आणि त्यानंतर खितिलोवांनी बेल्जियमच्या सहनिर्मितीत ‘फ्रूट ऑफ पॅराडाइज’ही बनवला. तो १९७० मध्ये कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता.

खरी कुऱ्हाड पडली ती २०-२१ ऑगस्ट १९६८ च्या रात्री. कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख अलेक्झांडर दुब्चेक यांनी सुरू केलेल्या मोकळ्या राजवटीचे, ज्याला ‘प्राग वसंत’ म्हणतात, ते आठ महिने सोव्हिएत रणगाड्यांनी संपवले. एप्रिल १९६९ मध्ये गुस्ताव हुसाक पक्षप्रमुख झाले आणि पुढच्या काळाला नाव मिळालं ‘नॉर्मलायझेशन’, म्हणजे सगळं पूर्ववत करणं. बारांदोवचे निर्मितीगट मोडले, वरची माणसं बदलली, पूर्ण झालेले चित्रपट डब्यांतून तिजोरीत गेले. चेक लोक अशा चित्रपटांना आजही ‘तिजोरीतले चित्रपट’ म्हणतात. मेंझेल यांचा ‘लार्क्स ऑन अ स्ट्रिंग’ १९६९ मध्ये तयार झाला आणि लोकांनी पाहिला १९९० मध्ये. त्या वर्षी त्याला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं, एकवीस वर्षं जुन्या चित्रपटाला.

बंदीचा लेखी हुकूम निघाला होता का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दडपशाही म्हटलं की डोळ्यांसमोर तुरुंग येतो, मध्यरात्री दारावर थाप येते. खितिलोवांच्या बाबतीत तसं काही झालं नाही. त्या पटकथा लिहायच्या, स्टुडिओत द्यायच्या आणि त्या परत यायच्या. कधी विषय योग्य नाही, कधी दृष्टिकोन योग्य नाही, कधी नुसताच नकार. बोझेना न्येम्त्सोवा या एकोणिसाव्या शतकातल्या थोर चेक लेखिकेवर त्यांनी पटकथा लिहिली होती. राष्ट्राची लाडकी लेखिका, शाळेच्या पुस्तकात असलेली. तोही चित्रपट कधीच झाला नाही.

सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ‘साहेब बैठकीत आहेत’, ‘फाइल वर गेली आहे’, ‘पुढच्या आठवड्यात या’. यात नकाराला चेहरा नसतो, म्हणून भांडायलाही समोर कुणी नसतं. चाळिशीतल्या, ऐन भरात असलेल्या दिग्दर्शिकेची सहा-सात वर्षं अशी गेली. घरात दोन लहान मुलं होती. या काळात त्यांनी नवऱ्याच्या नावावर जाहिरातपट केले असं सांगितलं जातं.

इतरांचं काय झालं तेही बघा. शोर्म नाटक आणि ऑपेराकडे वळले आणि डिसेंबर १९८८ मध्ये गेले, राजवट कोसळायला वर्षभरही उरलं नव्हतं तेव्हा. ‘डेझीज’च्या मूळ कल्पनेत सहभागी असलेले पावेल युराचेक यांनी ‘चार्टर ७७’ या नागरी हक्कांची मागणी करणाऱ्या जाहीरनाम्यावर सही केली, देश सोडावा लागला, परत आले आणि १९८९ मध्ये वारले. त्यांना पुन्हा दिग्दर्शन करता आलं नाही. क्रुम्बाखोवांनाही काळ्या यादीत टाकलं गेलं. तुरुंगात न टाकताही माणसाला कसं संपवता येतं याचे हे दाखले आहेत.

मिलोश फोरमान यांच्यासारख्या त्या देश सोडून का गेल्या नाहीत?

फोरमान आणि इव्हान पासर अमेरिकेत गेले, न्येमेत्स १९७४ मध्ये बाहेर पडले. जाणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. खितिलोवा मात्र राहिल्या. त्यांचे चित्रपट चेक बोलण्यावर, चेक माणसांच्या खोडींवर, प्रागच्या चिखलावर उभे असतात, हे पुढचे चित्रपट पाहिल्यावर कळतं. ती माती सोडून त्या काय करू शकल्या असत्या याची मला कल्पना करता येत नाही. आणि स्वभाव हेही कारण असणार. आपल्या घरातून आपण का निघायचं, अशा वळणाची ती बाई होती. एका मुलाखतीत त्यांनी स्वतःला मंद न करता येणाऱ्या, तापलेल्या किटलीची उपमा दिली होती.

राष्ट्राध्यक्षांना लिहिलेलं ते प्रसिद्ध पत्र काय होतं?

८ ऑक्टोबर १९७५ ला खितिलोवांनी गुस्ताव हुसाक यांना पत्र लिहिलं. हुसाक त्याच वर्षीच्या मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष झाले होते. पत्राचा गाभा एका वाक्याचा: मला काम करायचं आहे.

दयेचा अर्ज समजून कुणी ते वाचायला घेतलं तर चकित होईल. त्यात गयावया नाही आणि माफीही नाही. एकेक चित्रपट घेऊन त्या सांगतात की तो मी का केला. ‘डेझीज’ ही नीतिकथा आहे, असं त्या ठणकावून म्हणतात. विध्वंस फक्त युद्धातच दिसतो असं नाही, त्याची मुळं रोजच्या जगण्यातल्या खोडसाळपणात लपलेली असू शकतात. दोन तरुण मुली निवडल्या, कारण त्या वयात काहीतरी घडवायची ओढ सगळ्यात जास्त असते आणि तिला वाट मिळाली नाही तर ती उलटी फिरते. तुमचे चित्रपट प्रयोगासाठी प्रयोग आहेत, बांधिलकी नसलेले आहेत, निराशावादी आहेत, पाश्चात्त्य समीक्षकांनी तुम्हाला डोक्यावर घेतलंय, हे स्टुडिओत ऐकावे लागलेले आरोप त्या मांडतात आणि खोडून काढतात.

आणि हे सगळं त्या राजवटीच्याच भाषेत लिहितात. समाजवादी समाजात काम करणं हा माझा हक्क आहे आणि कर्तव्यही आहे, मग मला काम का करू दिलं जात नाही? ज्या शब्दांनी त्यांना झोडपलं जात होतं तेच शब्द त्यांनी मालकांपुढे ठेवले. काही जणांना यात शरणागती दिसते. मला दिसत नाही. शरण गेलेला माणूस जुन्या कामाबद्दल माफी मागतो. यांनी जुन्या कामातली एकही फ्रेम मागे घेतली नाही.

पत्राचा उपयोग झाला?

झाला. पत्राची बातमी देशाबाहेर गेली, परदेशातल्या महोत्सवांकडून विचारणा होत राहिली, आणि १९७६ मध्ये त्यांना ‘द ॲपल गेम’ करायला मिळाला. पण बारांदोवमध्ये नाही, तर लघुपट बनवणाऱ्या क्रात्की फिल्ममध्ये. कथा प्रसूतिगृहातली. बायकांच्या मागे लागणारा डॉक्टर आणि त्याच्या मुलाची आई होणार असलेली, पण त्याच्या गळ्यात न पडणारी परिचारिका. डॉक्टरचं काम मेंझेल यांनी केलंय, म्हणजे एका अडवल्या गेलेल्या दिग्दर्शकाने दुसरीच्या पुनरागमनात हात दिला. हातात धरलेला कॅमेरा सतत धावत असतो आणि मध्येच खऱ्या बाळंतपणाची दृश्यं येतात, रक्तासकट. सहा वर्षं गप्प बसवलेल्या बाईने परत येताना जपून पाऊल टाकलेलं नाही, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळतं.

पण नंतर त्यांनी सरकारशी जुळवून घेतलं असंही म्हणतात.

सरकारी स्टुडिओत काम केलं, हो. दुसरा स्टुडिओच नव्हता. काय काम केलं ते बघून ठरवावं. १९७९ चा ‘पॅनेलस्टोरी’ घ्या. प्रागच्या दक्षिणेला यिझनी म्येस्तो नावाची प्रचंड वसाहत उभी राहत होती, काँक्रीटच्या तयार फळ्या क्रेनने एकमेकांवर चढवून. राजवट याच घरांकडे आपलं यश म्हणून बोट दाखवायची. खितिलोवांनी कॅमेरा तिथेच नेला. खेड्यातून आलेला एक आजोबा मुलीच्या घराचा पत्ता शोधत फिरतोय आणि सगळ्या इमारती सारख्याच. गुडघाभर चिखल, अर्धवट जिने, बाबागाड्या फळ्यांवरून ढकलणाऱ्या आया, भिंतीपलीकडे ऐकू जाणारी भांडणं. कॅमेरा झटके खातो, संगीत कानाशी कटकट करतं. माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत. तोही चित्रपट रोखून धरला गेला आणि पुढे मर्यादित स्वरूपातच दाखवला गेला.

त्यानंतरच्या ‘कॅलॅमिटी’त हिमकडा कोसळून प्रवाशांसकट आगगाडी बर्फाखाली गाडली जाते. त्या डब्यात अडकलेली माणसं बघताना तेव्हाच्या चेक प्रेक्षकाला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. सरकारने चित्रपट अडवायचे, यांनी भांडायचं, काही जागा सोडायच्या, पुढचा चित्रपट करायचा, असं ते चालू होतं. त्यातले सगळेच चित्रपट ‘डेझीज’च्या तोडीचे नाहीत, हेही मान्य करायला हवं. पण याला जुळवून घेणं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

त्या स्त्रीवादी होत्या का?

त्यांना ते लेबल आवडत नसे. आपला विरोध मूर्खपणाला आहे, मग तो पुरुषाचा असो वा बाईचा, असं त्या म्हणत आणि स्वतःला व्यक्तिवादी म्हणवत. चित्रपट बघून तुम्ही तुमचं ठरवा.

१९८९ नंतर काय झालं?

स्वातंत्र्य आलं, पण पैशाची अडचणही आली. १९९२ चा त्यांचा विनोदी चित्रपट प्रचंड चालला आणि समीक्षकांनी नाकं मुरडली. अचानक पैसा मिळालेल्या एका खेडवळाच्या त्या गोष्टीत नव्या भांडवलशाहीचं जे चित्र आहे ते मात्र आज फार खरं वाटतं. शेवटचा कथापट २००६ मध्ये आला. फामूत त्यांनी अनेक वर्षं शिकवलं. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव्ह हावेल यांनी त्यांना पदक दिलं. १२ मार्च २०१४ ला त्या गेल्या, वयाच्या ८५ व्या वर्षी.

या चित्रपटांचा भारताशी काही संबंध?

थेट खितिलोवांशी नाही, पण त्यांच्या पिढीशी आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले आणि मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन उभी करणारे शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी मेंझेल यांच्या शोधात वर्षानुवर्षं चेक भूमीच्या वाऱ्या करून सात तासांहून लांब माहितीपट केला, ‘चेकमेट’ नावाचा. तो २०१८ मध्ये पूर्ण झाला. त्या पिढीतले बरेच जण आता हयात नाहीत, त्यामुळे त्याचं मोल फार आहे.

सुरुवात कुठून करावी?

‘डेझीज’पासूनच. जेमतेम सव्वा तासाचा आहे. पहिल्यांदा बघताना गोष्ट शोधू नका, रंग कुठे बदलतात, कात्री कुठे येते, तिकडे लक्ष ठेवा. मग ‘समथिंग डिफरंट’, मग ‘पॅनेलस्टोरी’. ‘फ्रूट ऑफ पॅराडाइज’ घाईत बघू नका, त्यासाठी एक निवांत रविवार राखून ठेवा. आणि ‘डेझीज’ पुन्हा बघाल तेव्हा मेजवानी संपल्यावरची ती आवराआवर नीट बघा. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन मुली, फुटलेली बशी, आणि तुकडा तुकड्याला लावून बघणारी बोटं.